दोनशे रुपयांचा बल्ब आणि समोरच्याचे डोळे

गाडीतल्या बहुतेक वस्तू आपल्यासाठी असतात. सीट आपल्याला बसायला, एसी आपल्याला गार करायला, गाणी आपल्या कानांना. हेडलाइटचे तसे नाही. तो आपल्याला रस्ता दाखवतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांवर पडतो. तो दुसरा माणूस आपल्या ओळखीचा नसतो, आपल्याला त्याचा चेहराही दिसत नाही. पुढच्या तीन-चार सेकंदांत त्याला रस्ता दिसणार की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी आपण बसवलेल्या बल्बवर ठरते.

हेडलाइटचा बल्ब घेताना या माणसाला हिशेबात धरले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. तो धरला की कोणता बल्ब घ्यावा या प्रश्नाचे उत्तर फार सोपे होते. शिवाय आपल्याला स्वतःलाही जास्त चांगले दिसू लागते. ते कसे, हे जरा तपशिलात सांगतो, कारण या विषयावर मते पुष्कळ ऐकू येतात आणि माहिती कमी.

आपल्याकडे छोट्या गाड्यांची संख्या मोठी. जुनी अल्टो, वॅगन-आर, सँट्रो अशी आठ-दहा वर्षे वापरलेली गाडी डोळ्यांसमोर आणा. मालक नोकरदार आहे. आठवडाभर गाडी शहरात दिव्यांखाली फिरते. ईदला, दिवाळीला किंवा लग्नकार्याला गावी जायचे म्हणून तो रात्रीचा बाहेर पडतो आणि घाटाच्या अलीकडेच त्याच्या लक्षात येते की आपल्या गाडीचा उजेड पडतच नाही. समोरून ट्रक आला की रस्त्याची कडाही दिसत नाही. परत आल्यावर तो ॲक्सेसरीजच्या दुकानात जातो. दुकानदार काउंटरवर तीन-चार डबे मांडतो. एक साधा, ६०/५५ वॅटचा. दुसरा १००/९० वॅटचा. तिसरा निळसर काचेचा, ‘झेनॉनसारखा पांढरा’ उजेड देणारा. चौथा एलईडीचा, मागे छोटा पंखा असलेला, आणि डब्यावर वीस-वीस हजार ल्युमेन छापलेले. ‘साहेब, हा लावा, रात्रीचा दिवस होईल,’ असे चौथ्याबद्दल सांगितले जाते. साध्या डब्याबद्दल कुणी काही बोलत नाही. तो स्वस्त असतो आणि त्याच्यात दुकानदाराला फारसे काही सुटत नाही.

गाडीवाल्याची तक्रार खरी असते, हे आधी मान्य करू. त्याला खरोखरच दिसत नसते. त्याने त्याचे कारण बल्बची ताकद कमी आहे असे धरलेले असते आणि चूक होते ती तिथे.

या गाड्यांत जो बल्ब लागतो त्याला एच-४ म्हणतात. १९७१ पासून तो जगभरातल्या गाड्यांत आहे. एकाच काचेत दोन फिलामेंट असतात, एक अपरसाठी, एक डिपरसाठी. अपरचे ६० वॅटचे, डिपरचे ५५ वॅटचे. १३.२ व्होल्ट मिळाले तर अपर साधारण १६५० आणि डिपर साधारण १००० ल्युमेन उजेड देते. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक छोटी वाटी असते. बल्ब हातात घेऊन पाहिला तर ती सहज दिसते. या वाटीचे काम मोठे आहे. फिलामेंटमधून खाली जाणारा उजेड ती अडवते. तो उजेड रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडला असता तर परावर्तित होऊन वर, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. वाटीमुळे डिपरचा उजेड वरून सुरीने कापल्यासारखा दिसतो. भिंतीसमोर गाडी उभी करून डिपर लावा, खाली उजेड आणि वर अंधार अशी रेघ स्पष्ट दिसेल. आपण डावीकडून चालतो म्हणून ती रेघ डाव्या बाजूला थोडी वर चढते. डाव्या कडेने चालणारा माणूस दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्या गाडीवाल्याचे डोळे वाचावेत, अशी ती योजना आहे.

म्हणजे बल्ब आणि त्यामागचा रिफ्लेक्टर ही जोडी आहे. फिलामेंट नेमके कुठे आहे, किती लांब आहे, वाटी किती अंतरावर आहे, हे मिलिमीटरच्या अंशांत ठरवलेले असते आणि रिफ्लेक्टरचा बाक त्याच्याशी जुळवून काढलेला असतो. चष्म्याचा नंबर जसा भिंगाच्या बाकावर असतो तसेच हे आहे. दुसऱ्याच्या चष्म्याची काच आपल्या फ्रेममध्ये बसली म्हणून तो आपला चष्मा होत नाही. एखादा बल्ब होल्डरमध्ये ‘बसतो’, एवढ्यावरून तो त्या गाडीचा आहे असे ठरत नाही.

आता काउंटरवरचे डबे एकेक पाहू.

१००/९० चा बल्ब जास्त उजेड देतो, यात शंका नाही. पण ६० वॅटच्या बल्बला १२ व्होल्टवर ५ ॲम्पियर करंट लागतो आणि १०० वॅटच्याला ८ च्या वर. छोट्या गाडीच्या तारा, कपलर आणि स्टिअरिंगजवळचा स्विच हा पहिल्या हिशेबाने बनवलेला असतो. जास्त करंटने कपलर तापतो, त्याचे प्लास्टिक पिवळे पडते, मग वितळते. रिफ्लेक्टरवरची चकाकी उष्णतेने करपते आणि एकदा ती गेली की पुढे कोणताही बल्ब लावा, उजेड मंदच. वायरमन म्हणतो, रिले टाकून वेगळी वायरिंग करू. त्याने तारा वाचतात, रिफ्लेक्टर वाचत नाही. समोरच्या माणसाच्या दृष्टीने तर सगळेच वाढते. कापलेल्या रेघेच्या वरही थोडा उजेड सांडत असतो, तोही त्याच प्रमाणात वाढतो.

निळसर काचेच्या बल्बमध्ये फिलामेंट नेहमीचेच असते. काचेवरचा निळा थर पिवळा-लाल उजेड गाळून टाकतो. गाळणीतून चहा जास्त होत नाही, तसा उजेडही जास्त होत नाही. तो पांढरा दिसतो म्हणून जास्त वाटतो. साध्या हॅलोजनचा रंग ३२०० केल्विनच्या आसपास असतो, म्हणजे पिवळसर. पावसाळ्यात आंबोलीच्या किंवा वरंध्याच्या धुक्यात गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, तो पिवळ्या उजेडाच्याच बाजूने बोलेल.

एलईडीची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. ज्या गाड्या कंपनीतूनच एलईडी हेडलाइट घेऊन येतात त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. तिथे भिंग आणि रिफ्लेक्टर एलईडीसाठीच आखलेले असतात. प्रश्न आहे तो हॅलोजनच्या घरात एलईडी बसवण्याचा. फिलामेंट म्हणजे बारीक तार, ती सगळ्या बाजूंनी गोल उजेड फेकते. एलईडीच्या बल्बमध्ये एका पट्टीच्या दोन बाजूंना चिप चिकटवलेल्या असतात, तिचा उजेड दोनच दिशांना जास्त जातो. पट्टीला जाडी असते, त्यामुळे चिप जिथे फिलामेंट असायला हवे नेमकी तिथे येत नाही. रिफ्लेक्टर मग गोंधळतो. कापलेली रेघ पुसट होते, उजेड वर उडतो, आणि बोनेटपुढच्या दहा-पंधरा मीटरवर पांढऱ्या उजेडाचे थारोळे साचते. चालकाला वाटते, केवढा उजेड! पण जवळचा रस्ता असा झगझगला की डोळ्याची बाहुली लहान होते आणि लांबचे उलट कमी दिसते. आपल्याला धोका लांबचा असतो. जवळचा खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात गेलेलेच असते.

डब्यावरचे वीस हजार ल्युमेन तर सोडूनच द्या. तीस-चाळीस वॅटच्या त्या चिपमधून तेवढा उजेड निघणेच शक्य नाही. ज्या डब्यावर पहिलीच ओळ खोटी आहे त्याच्या आतल्या वस्तूवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

मग खरोखर दिसत नसेल तर काय करायचे? माझ्या मते बल्बचा विचार चौथ्या क्रमांकावर यावा. त्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, काच. आता हेडलाइटची काच खरी काच नसते, पॉलिकार्बोनेटचे प्लास्टिक असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी तिच्यावरचा थर झिजतो आणि ती पिवळी, धुरकट होते. गाडी वर्षानुवर्षे उघड्यावर उभी असेल तर हे होणारच. धुरकट काच उजेड अडवते आणि उरलेला इकडेतिकडे विखुरते, म्हणजे आपल्याला कमी दिसते आणि समोरच्याला जास्त खुपते. बारीक पॉलिश पेपरने ओली घासून, पॉलिश करून, वर अतिनील किरण रोखणारा थर दिला की काच पुन्हा स्वच्छ होते. शेवटचा थर दिला नाही तर काही महिन्यांत ती परत पिवळी पडते, म्हणून काम करणाऱ्याला तो थर देतो का, हे आधी विचारावे. टूथपेस्ट लावून मिळणारी चमक ही चार दिवसांची.

दुसरी, तारा. हॅलोजन बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार हळवा असतो. १३.२ च्या जागी १२.२ व्होल्ट मिळाले, म्हणजे एक व्होल्ट कमी झाला, तर उजेड जवळजवळ एक चतुर्थांशाने घटतो. जुन्या गाडीत हा एक व्होल्ट कुठे जातो? गंजलेल्या अर्थिंगमध्ये, सैल कपलरमध्ये, झिजलेल्या स्विचमध्ये. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाड्यांना हा रोग जास्त. इंजिन सुरू ठेवून, हेडलाइट लावून, एकदा बॅटरीवर आणि एकदा बल्बच्या कपलरवर मल्टिमीटर लावला की पाच मिनिटांत कळते. अर्थिंगचा बोल्ट काढून, घासून, परत घट्ट बसवणे हे काम इतके साधे आहे की कुठलाही जुना वायरमन चहाच्या पैशांत करून देईल. उस्ताद माणसे आधी हेच पाहतात. नव्या मुलांना मात्र दुकानातला डबा विकणे सोपे वाटते.

तिसरी, रोख. बल्ब बदलताना, पुढून कुठे ठोकर लागली असताना, किंवा डेंटिंगच्या कामात हेडलाइटचा कोन बदलतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सपाट जागी, टायरमध्ये बरोबर हवा भरून, चालकाच्या जागी कुणाला तरी बसवून गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खूण करा. डिपरच्या उजेडाची वरची रेघ त्या खुणेच्या साधारण १० सेंटीमीटर खाली असायला हवी. फारच खाली असेल तर आपल्याला दिसणार नाही, खुणेच्या वर असेल तर समोरच्याला दिसणार नाही. कोन बदलायचा स्क्रू हेडलाइटच्या मागे असतो. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर ० पासून पुढचे आकडे असलेली छोटी चकतीही असते. मागे तीन माणसे आणि डिकीत गावी न्यायचे सामान असले की गाडीचे नाक वर उचलले जाते, तेव्हा ती चकती फिरवून उजेड खाली आणायचा असतो. वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्या कितीतरी लोकांनी या चकतीला कधी हातही लावलेला नसतो.

हे तिन्ही झाले की मग बल्ब. तोही बदलावाच, कारण जुना हॅलोजन बल्ब जळण्याआधी मंद होत जातो. नवा घेताना गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिला आहे तोच घ्यावा. एच-४ असेल तर एच-४, आणि अपर-डिपरचे बल्ब वेगवेगळे असतील तर पुस्तिकेत जे लिहिले आहेत ते. वॅट तेच, ६०/५५. बुडाच्या धातूवर गोलात ‘ई’ हे अक्षर आणि एक आकडा कोरलेला असतो, ती संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनुसार झालेल्या मंजुरीची खूण आहे. नावाजलेल्या कंपन्यांच्या डुप्लिकेट मालाचा सुळसुळाट आहे, म्हणून ओळखीच्या दुकानातून, पक्क्या पावतीवर घ्यावा. हातात घेऊन फिलामेंट सरळ आहे का आणि वाटी वाकडी नाही ना, एवढे पाहावे. साधा चांगला बल्ब दोनेकशे रुपयांत मिळतो. ‘१०० टक्के जास्त’, ‘१३० टक्के जास्त’ असे लिहिलेले, तेवढ्याच वॅटचे बल्ब चांगल्या कंपन्याही बनवतात. त्यांत फिलामेंट जास्त बारकाईने गुंडाळलेले असते आणि उजेड रस्त्याच्या ठरावीक भागात थोडा लांब जातो. तेही कायदेशीर असतात, फक्त त्यांचे आयुष्य कमी. नेहमी रात्रीचा हायवे करणाऱ्याने घ्यावेत, बाकीच्यांना गरज नाही.

दोन्ही बल्ब एकदमच बदलावेत. एक जळला म्हणजे दुसऱ्याचेही तेवढेच दिवस झालेले असतात, आणि दोन्हीकडचा उजेड सारखा राहतो. काचेला बोट लावू नये. त्वचेचे तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलेच तर स्पिरिटने पुसावे. बसवताना तिन्ही कान खाचांत नीट बसले आहेत ना, हे पाहावे. तिरका बसलेला चांगला बल्ब हा वाईट बल्बइतकाच त्रासाचा.

एवढे सगळे केल्यावरही काही लोक म्हणतील की मला अजून जास्त उजेड हवा. त्यांना मी वेगाचा हिशेब विचारतो. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. काहीतरी दिसले, ते काय आहे ते कळले, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद गेला तरी २५ मीटर गेले. मग ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत आणखी वीस-पंचवीस. म्हणजे ४५ ते ५० मीटर. चांगल्या डिपरमध्ये गडद कपड्यांतला माणूस जेमतेम तेवढ्याच अंतरावर दिसतो, अनेकदा त्याहूनही उशिरा. ताशी १०० ने जाताना डिपरवर वेळेत थांबता येईल असा बल्ब दुकानात नाही, आणि तो विकत घेतला असे वाटणे हीच सर्वांत मोठी जोखीम. उजेड वाढला की आपण वेग वाढवतो आणि होतो तिथेच येतो.

आता त्या दुसऱ्या माणसाकडे वळू. रात्रीच्या रस्त्यावर फक्त गाडीवाले नसतात. शेतीपंपांना वीज रात्रीची येते म्हणून पाणी द्यायला निघालेला शेतकरी असतो. पश्चिम महाराष्ट्रात हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात, त्यांतल्या कितीतरींच्या मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. आषाढीच्या आधी वारकरी असतात. रमजानमध्ये तरावीह संपवून रस्त्याच्या कडेने गप्पा मारत घरी चाललेली मुले असतात, काळ्या बुरख्यातल्या बायका असतात. आपल्या बहुतेक राज्यरस्त्यांना फुटपाथ नाही, कडेची पट्टीही धड नाही. हे सगळे लोक डांबराच्या काठावर चालतात. समोरून आलेल्या एलईडीने चालकाचे डोळे तीन सेकंद दिपले, तर ६० च्या वेगाने तो ५० मीटर आंधळा जातो. या ५० मीटरमध्ये कोण चालत असेल, हे त्या एलईडीवाल्याला कधीही कळणार नाही. अपघात झालाच तर तो त्याच्या मागे होतो, आरशातही न दिसणाऱ्या अंतरावर. पोलिसांच्या पंचनाम्यातही त्याचे नाव येत नाही. म्हणून ही गोष्ट बदलत नाही. चूक करणारा एक आणि किंमत मोजणारा दुसराच, अशी रचना असली की सवय सुटत नाही.

डोळ्यांच्या वयाचाही विचार करा. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो, आणि दिपल्यावर पूर्ववत व्हायला त्याला वेळही जास्त लागतो. मोतीबिंदू असेल तर प्रत्येक दिव्याभोवती कडे दिसते. माझे अब्बा सत्तरीचे आहेत. मगरिबनंतर त्यांनी गाडी चालवणे सोडले. हातपाय धड आहेत, रस्ता पाठ आहे. ‘रस्ता दिसतो रे, समोरचा आला की काहीच दिसत नाही,’ एवढेच ते सांगतात. अशी कितीतरी घरे असतील जिथे म्हाताऱ्या माणसांनी रात्रीची लग्ने, मयतीला जाणे, दवाखान्यात कुणाला बघायला जाणे सोडून दिले आहे. दुसऱ्याच्या हौसेच्या बल्बाने त्यांची संध्याकाळ लवकर संपवली आहे.

यावर नेहमीचे उत्तर असे: सगळेच लावतात, मी एकट्याने साधा बल्ब ठेवून काय होणार? उलट मलाच दिसणार नाही. हे उत्तर समजण्यासारखे आहे, पण त्याचा शेवट कुठे होतो ते पाहा. मी दिपलो म्हणून मी जास्त ताकदीचा लावतो, त्याने दिपलेला त्याहून ताकदीचा लावतो. डोळे मात्र सगळ्यांचे तेच राहतात. लग्नात शेजारच्या मांडवाचा डीजे मोठा म्हणून आपलाही वाढवावा आणि शेवटी कुणालाच कुणाचे गाणे ऐकू येऊ नये, तसे हे आहे. शिवाय समोरच्याच्या उजेडाने दिपलेल्याला स्वतःच्या जास्त उजेडाचा फारसा उपयोग होत नाही. तिथे उपयोग होतो तो वेग कमी करण्याचा आणि नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवण्याचा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कंपनीतून येणाऱ्या उंच एसयूव्हींचे एलईडीही डोळ्यांत घुसतात, त्यांचे काय? खरे आहे. दिवा उंचावर असला की छोट्या गाडीतल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत येतो, आणि रस्ता खालीवर असला की कापलेली रेघही वर उठते. याचा जाब गाड्या बनवणाऱ्यांना आणि त्यांना मंजुरी देणाऱ्यांना विचारायला हवा. पण दुसऱ्याचा दिवा कायदेशीर असून खुपतो, म्हणून माझा बेकायदेशीर दिवा योग्य ठरत नाही.

तिसरा आक्षेप, परदेशात चालते मग इथे का नको? तिथे काय चालते ते नीट पाहावे. जर्मनीत २०२० पासून हॅलोजनच्या जागी बसणारे काही एलईडी बल्ब मंजूर झाले, पण ते ठरावीक बल्ब, आणि ज्या ज्या मॉडेलच्या हेडलाइटमध्ये तपासले गेले त्याच मॉडेलसाठी. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी तपासणी होते, तीत हेडलाइटचा रोख पाहतात, आणि हॅलोजनच्या घरात एलईडी बसवलेली गाडी, फार जुन्या गाड्या सोडल्या तर, नापास होते. म्हणजे तिथेही ‘बसतो म्हणून लावला’ हे चालत नाही.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनाप्रमाणे बदल करायला मनाई करते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा उजेड खाली वळवलेला असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतही आहे. पूर्वी हेडलाइटच्या वरच्या भागाला काळा रंग लावायला सांगत, तो याच विचारातून. पद्धत ओबडधोबड होती, पण रस्त्यावर आणखी कुणी आहे याची आठवण त्या काळ्या पट्ट्यात होती.

अडचण तपासणीची आहे. खासगी गाडीला पहिली फिटनेस तपासणी पंधरा वर्षांनी होते. तोवर हेडलाइटचा रोख कुठे आहे, आत काय बसवले आहे, हे कुणी पाहत नाही. पीयूसीसाठी मात्र गाडी दरवर्षी केंद्रावर जाते. तिथेच भिंतीवर एक रेघ आखून, दहा मीटरवर गाडी उभी करून, दोन मिनिटांत हेडलाइटचा रोखही पाहता येईल. धूर दुसऱ्याच्या नाकात जातो म्हणून आपण तो तपासतो, मग दुसऱ्याच्या डोळ्यांत जाणारा उजेड का तपासू नये? आणि दंड फक्त गाडीवाल्याला का? जो बल्ब रस्त्यावर चालवायला बंदी आहे तो दुकानात उघड विकायला मोकळीक आहे. बसवून देणारा त्याची मजुरीही घेतो. पोलिसाच्या हाती सापडतो तो मात्र शेवटचा माणूस, ज्याला दुकानात कुणी काही सांगितलेच नव्हते.

सरकार हे कधी करील ते करो. तोपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे आणि तिला पैसाही लागत नाही. बल्ब बदलल्यावर त्याच रात्री अंधाऱ्या, मोकळ्या जागी गाडी उभी करा. घरातल्या कुणाला तरी चालकाच्या जागी बसवून डिपर लावायला सांगा. तुम्ही गाडीसमोर तीस-चाळीस पावले चालत जा, वळा, थोडे उजवीकडे सरका आणि छोट्या गाडीतल्या चालकाच्या डोळ्यांइतके खाली वाका. मग आपल्याच गाडीकडे पाहा. तिथे उभे राहून गाडीच्या पलीकडची झाडे, भिंत, शेजारून जाणारा माणूस दिसत असेल तर बल्ब बरोबर आहे. डोळे मिटावेसे वाटले, तर तो काढून दुकानात परत करा.